फार्मसी प्रॅक्टिसमधले संशोधन ‘खरे’ संशोधन असते का, आणि त्यासाठी विषय कसा निवडावा?

प्रश्नकर्त्याने लिहिले आहे की तो नाशिकमध्ये एम.फार्म.ला आहे, औषध दुकानातील फार्मासिस्टचे वर्तन कसे सुधारेल हा विषय त्याला प्रबंधासाठी घ्यावासा वाटतो, पण विभागातील वरिष्ठ म्हणतात की लोकांकडून फॉर्म भरून घेण्याला संशोधन म्हणत नाहीत. मी हाच विषय, म्हणजे फार्मसी प्रॅक्टिस (औषध रुग्णाच्या हातात कसे दिले आणि वापरले जाते याचा अभ्यास), नाशिकमध्ये शिकवते आणि माझी पीएच.डी.ही यातलीच आहे. तेव्हा आधी स्पष्ट सांगते की हे संशोधन पूर्णपणे खरे आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक फार्मसी महाविद्यालयांत ज्या प्रकारचे प्रबंध दरवर्षी निघतात त्यांपैकी पुष्कळांपेक्षा ते रुग्णाच्या अधिक जवळचे आहे. तुमच्या वरिष्ठांचे एक म्हणणे मात्र बरोबर आहे. नुसते फॉर्म भरून घेणे हे संशोधन नव्हे, आणि दुर्दैवाने आपल्या विषयात तेच सर्वांत जास्त केले जाते.

पीएच.डी.च्या काळात मी नाशिकच्याच सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या बाजूला एका मेडिकलमध्ये संध्याकाळी बसत असे. दुकानाचे मालक स्वतः बी.फार्म. होते, परवाना भाड्याने दिलेला नव्हता आणि ते रोज स्वतः काउंटरवर उभे राहत. दम्याच्या इन्हेलरबद्दल मी तयार केलेली चाचणी त्यांनी एकही उत्तर न चुकता सोडवली. त्यांनी याच विषयावरच्या प्रशिक्षणाला हजेरी लावलेली होती आणि त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर, परवान्याच्या शेजारी, फ्रेम करून लावलेले होते. त्याच संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, जेव्हा आजूबाजूचे दवाखाने सुटतात आणि काउंटरवर तीन-तीन ओळी लागतात, तेव्हा कामावरच्या मुलाने कपाटातून इन्हेलरचा खोका काढला, बिल झाले, कागदी पिशवीत खोका गेला आणि मालक बिलावरून मान वर न करता म्हणाले, “सकाळ-संध्याकाळ.” रुग्णाने मान हलवली आणि तो गेला. ज्ञानाच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण आणि प्रत्यक्षात एक शब्द, हे दोन्ही मी एकाच माणसाच्या बाबतीत एकाच दिवशी पाहिले.

त्यानंतर काही दिवसांनी निफाडकडचे एक वयस्क शेतकरी चिठ्ठी आणि औषध घेऊन त्याच दुकानात आले. द्राक्षाच्या बागेत गंधकाची फवारणी झाली की त्यांना दम लागत असे आणि औषध चालू असूनही फरक पडत नाही अशी त्यांची तक्रार होती. गर्दी नव्हती, म्हणून मालक म्हणाले, “बाबा, कसं घेता ते मला करून दाखवा बरं.” बाबांनी पत्त्यातून कॅप्सूल काढली, जिभेवर ठेवली आणि मुलाकडे पाणी मागितले. कॅप्सूल घालून ओढायचे ते उपकरण त्यांच्या पिशवीत होते, पण त्याच्यावरचे प्लास्टिकही निघालेले नव्हते. चिठ्ठीवर ‘कॅप.’ लिहिलेले होते आणि पुढे एक-शून्य-एक. डॉक्टरांनी तसे लिहिले, खोक्यावरची माहिती बारीक इंग्रजीत होती, आणि कॅप्सूल म्हटल्यावर ती पाण्याबरोबर गिळायची हे त्यांना आयुष्यभराच्या सवयीने माहीत होते. त्यांच्याशी जे कोणी बोलले त्या प्रत्येकाने विचारले असणार, “समजलं ना?” आणि त्यांनी प्रत्येक वेळी हो म्हटले असणार.

मालकांनी मग उपकरण उघडले, कॅप्सूल बसवली, फिरवून फोडली, श्वास आधी बाहेर सोडायला लावला आणि तो उपकरणात सोडायचा नाही हे बजावले, ओठ घट्ट मिटून जोरात व खोल ओढायला लावले, सुमारे दहा सेकंद श्वास रोखायला सांगितले आणि शेवटी चूळ भरायला लावली, कारण औषधात स्टेरॉइड होते आणि चूळ न भरल्यास तोंडात पांढरी बुरशी धरते. दाबून घ्यायचा पंप असता तर श्वास सावकाश ओढायला सांगावे लागले असते. दोन उपकरणांत नेमका हाच फरक आहे आणि तो खोक्यावर वाचून कळत नाही. हे चालू असताना मागे दोन-तीन गिऱ्हाइके येऊन काचेवर चिल्लर वाजवू लागली होती. मालकांनी घाई केली नाही, पण सात ते नऊमध्ये हे त्यांना करता आले नसते हे मला त्या क्षणी उमगले.

माझे संशोधन खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाले. मी व्याख्यान ठेवले नाही आणि पत्रकही वाटले नाही. मालक, कामावरचा मुलगा आणि मी बसून ठरवले की माल आला की इन्हेलरच्या प्रत्येक खोक्याला लाल रबर लावायचे, आणि लाल रबराचा खोका मुलाने कधीही गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, तो मालकांच्याच हातात द्यायचा. काउंटरच्या टोकाला एक स्टूल आणि औषध नसलेले एक रिकामे उपकरण ठेवायचे. ‘समजलं का’ हे शब्द वापरायचे नाहीत, ‘करून दाखवा’ म्हणायचे. गर्दीच्या वेळी रुग्णाला स्टुलावर बसवून मागच्या दोघांचे बिल उरकायचे आणि मग त्याच्याकडे वळायचे. एवढ्यावर त्या दुकानातले चित्र बदलले. माझे जाणे थांबल्यानंतरही रबर लावणे चालू राहिले, कारण ते लक्षात ठेवावे लागत नव्हते. खोका हातात आला की ते आपोआप आठवत होते.

हे मी विभागाच्या समितीपुढे मांडले तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, “यात नवीन काय आहे? खोक्याला रबर लावणे हे संशोधन आहे का?” नवा रेणू, नवे सूत्रीकरण, गोळी विरघळण्याचा आलेख, यांपैकी काही नसेल तर ते फार्मसीचे संशोधन नाही, अशी त्यांची धारणा होती आणि ती आजही आपल्या महाविद्यालयांत सर्वत्र आढळते. मी तेव्हा दिलेले उत्तर येथे पुन्हा देते, कारण तुमच्यावरही तीच वेळ आली आहे.

इंग्लंडमध्ये काही वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला आणि तो 2016 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथे आपापल्या भागात सर्वाधिक प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) लिहिणाऱ्या 20 टक्के दवाखान्यांपैकी काहींना तेथील मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीचे पत्र गेले. त्यात म्हटले होते की तुमच्या भागातील 80 टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी प्रतिजैविके लिहितात. उरलेल्यांना पत्र गेले नाही. पुढच्या सहा महिन्यांत पत्र मिळालेल्या गटाचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या तुलनेत 3.3 टक्क्यांनी कमी राहिले, म्हणजे 73 हजारांहून अधिक प्रतिजैविके कमी लिहिली गेली. त्याच प्रयोगात दुसऱ्या टप्प्यावर रुग्णांसाठी पत्रके आणि भित्तिपत्रके पाठवली गेली आणि त्यांचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. एका पत्राने फरक पडतो आणि भित्तिपत्रकाने पडत नाही, हे कोणाच्याही मनाने ठरवता आले नसते. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावे लागले आणि मोजावे लागले. यालाच संशोधन म्हणतात. त्यात नवा रेणू नव्हता, पण जुना रेणू वाचवण्याचे, म्हणजे असलेले औषध निकामी होऊ न देण्याचे काम होते, आणि प्रतिजैविकांच्या बाबतीत आज त्याचीच अधिक गरज आहे.

फार्मासिस्ट अज्ञानामुळे चुकतो या त्याच्यावर सर्रास होणाऱ्या आरोपाबद्दलही एक अभ्यास सांगते, कारण तुम्हाला तो वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 2016 मध्येच प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिल्ली, मुंबई आणि पाटणा येथील 622 औषध दुकानांत प्रशिक्षित माणसे रुग्ण म्हणून पाठवली गेली. दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप घेऊन गेलेल्यांना योग्य वागणूक, म्हणजे स्वतः प्रतिजैविक वा स्टेरॉइड न देता डॉक्टरांकडे पाठवणे, 13 टक्के वेळा मिळाली. हातात क्षयरोगाचा पक्का अहवाल घेऊन गेलेल्यांना ती 62 टक्के वेळा मिळाली. प्रतिजैविके देण्याचे प्रमाणही 37 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आले. क्षयरोगाची खास औषधे मात्र एकाही दुकानाने चिठ्ठीशिवाय दिली नाहीत. दुकाने तीच होती, बदलला तो फक्त समोरचा कागद. ज्यांना वाटते की केमिस्ट अज्ञानी असतो म्हणून चुकतो आणि एका कार्यशाळेने तो सुधारेल, त्यांनी या आकड्यांचे स्पष्टीकरण द्यावे.

मानसशास्त्रज्ञ सूझन मिकी आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेले प्रारूप येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते कोणतेही वर्तन घडायला क्षमता, संधी आणि प्रेरणा या तिन्ही गोष्टी लागतात. सिडकोतल्या त्या मालकांकडे क्षमता होती, प्रेरणाही होती, पण संध्याकाळी सात वाजता संधी नव्हती. आपल्याकडे सगळा खर्च क्षमतेवर होतो, कारण व्याख्यान ठेवणे सोपे असते आणि त्याचे छायाचित्र काढता येते.

आता विषय निवडण्याबद्दल. ‘फार्मासिस्टचे ज्ञान, दृष्टिकोन आणि वर्तन’ अशी प्रश्नावली घेऊ नका. फार्मासिस्ट स्वतःबद्दल जे लिहून देतो आणि काउंटरवर जे करतो त्यांत अंतर असते, आणि त्या अंतरावरच तर आपले काम उभे आहे. एकच वर्तन घ्या, इतके लहान की ते घडले की नाही हे तिऱ्हाईत माणूसही सांगू शकेल. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि ती रोज घेतली गेल्यास जिवावर बेतते. ती देताना फार्मासिस्ट वाराचे नाव पाकिटावर लिहितो का, हा एक पूर्ण प्रबंधाचा विषय आहे. शेड्यूल एच-1ची, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या आणि विक्रीवर जास्त कडक नजर असलेल्या औषधांच्या सरकारी यादीची नोंदवही हा दुसरा. 1 मार्च 2014पासून त्या यादीतल्या औषधांची विक्री रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासह वेगळ्या वहीत नोंदवणे आणि ती वही तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. ती वही औषध देताना भरली जाते की रात्री बिलांवरून एकदम उतरवली जाते, हे पाहिले तरी पुष्कळ कळेल.

मार्गदर्शकांबरोबर मानसशास्त्र किंवा समाजशास्त्रातले कोणीतरी सहमार्गदर्शक म्हणून मिळवा. नाशिकमध्ये यासाठी खरे तर उत्तम जागा आहे. 1998 मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, पण फार्मसी त्याच्या कक्षेत येत नाही आणि आपली बहुतेक पदवी महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. चिठ्ठी लिहिणारा आणि चिठ्ठी वाचणारा यांच्या वर्तनाचा अभ्यास त्यामुळे एकाच शहरात दोन वेगळ्या दारांआड चालतो. निफाडच्या बाबांच्या चिठ्ठीवरचे ‘कॅप.’ बदलायचे असेल तर डॉक्टरांनाही अभ्यासात घ्यावेच लागेल, आणि ते दार तुम्हालाच ठोठावावे लागेल.

काही गोष्टी उशिरा सांगते आहे, पण त्या महत्त्वाच्या आहेत. एका दुकानात रबर लावून फरक पडला हा पुरावा नव्हे. रबर न लावलेली दुकाने शेजारी ठेवून मोजल्याशिवाय त्यातून काहीही सिद्ध होत नाही, आणि समितीतल्या त्या सदस्यांनी हा आक्षेप घेतला असता तर मी तो मान्यच केला असता. या क्षेत्रातले परिणाम लहान असतात. डॉक्टर-फार्मासिस्टांना त्यांच्याच कामाचे आकडे दाखवण्याच्या पद्धतीचा 2012 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेने 140 अभ्यासांवरून आढावा घेतला, तेव्हा मध्यक सुधारणा, म्हणजे सर्व निकाल क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी, 4.3 टक्क्यांची निघाली. त्यामुळे प्रबंधाच्या प्रस्तावात क्रांतीचे आश्वासन देऊ नका आणि नमुन्याचा आकार संख्याशास्त्रज्ञाकडून आधीच काढून घ्या. जेथे फार्मासिस्ट दुकानात नसतोच आणि त्याचे प्रमाणपत्रच भिंतीवर असते, तेथे वर्तनाचा अभ्यास व्यर्थ आहे. तो अंमलबजावणीचा प्रश्न आहे आणि अशी दुकाने सुरुवातीलाच वगळा. खोटे रुग्ण पाठवणार असाल तर नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, दुकानाचे नाव कोठेही उघड होणार नाही हे लेखी द्या, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करण्यासाठी आलेला माणूस असा तुमच्याबद्दल समज झाला तर पुढची दुकाने बंद होतील हे लक्षात ठेवा. निरीक्षणाला बसायचे तर मालकाला विचारून, काउंटरच्या आत न जाता आणि वहीत गिऱ्हाइकाचे नाव न लिहिता बसा. दुपारी बसू नका, कारण दुपारी प्रत्येकजण चांगला फार्मासिस्ट असतो.