अनुभव नाही, मग रेझ्युमेत लिहू काय?

प्रश्न: मी एस.वाय.बी.कॉम.ला आहे. सीएच्या ऑफिसात इंटर्नशिपसाठी अर्ज करायचाय. अनुभव शून्य; पान कसं भरू?

उत्तर: एकच पान पुरे, तेही गच्च भरायला नको. वर नाव, मोबाइल, साधा ईमेल. मग शिक्षण, ताजं आधी. जन्मतारीख, वडिलांचं नाव, धर्म गाळा. रेझ्युमे म्हणजे लग्नाचा बायोडेटा नव्हे. जागा कामाला द्या. नुसतं ‘एनएसएस स्वयंसेवक’ वाचून काही कळत नाही. शिबिराचा हिशेब ठेवला असेल तर किती जणांचा, कशात (वहीत की एक्सेलमध्ये), ते लिहा. घरच्या दुकानाची बिलं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरता? तेही कामच. एक्सेल लिहिलंत, तर व्हीलुकअप (तक्त्यातून हवी ती नोंद शोधणं) आणि पिव्होट टेबल (आकड्यांचा गोषवारा काढणं) यायला हवं, मुलाखतीत विचारतात. पाठवताना पीडीएफच करा, वर्ड फाइलमधले तक्ते मोबाइलवर विस्कटतात. फाइलला ‘फायनल २’ नव्हे, स्वतःचं नाव द्या.