आमवातातला 'आम' आंबट नव्हे

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय: सासूबाईंच्या आमवाताबद्दल डॉक्टर 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणाले. कन्नडात ऑक्सिजनला 'आम्लजनक' म्हणतात, मग आमवातातला 'आम' तोच ना? आणि त्या स्ट्रेसला मराठीत काय म्हणायचं?

तोच नव्हे हो! याच गैरसमजापायी काही घरांत आमवात म्हटलं की चिंच, ताक, आमसूल आधी बंद. 'आम' म्हणजे कच्चं, न पचलेलं. विंचू डसल्यागत सांधे ठणकतात असं वर्णन माधवनिदान या जुन्या आयुर्वेदग्रंथात आहे, तो आमवात या आमाचा. हाच आम घासून घासून मराठीत 'आंव' झाला. होय की, पोट बिघडल्यावर पडते तीच! ग्रीकात कच्च्याला 'ओमोस' म्हणतात, तोही याचाच सख्खा भाऊ. आमटी मात्र अम्लाची लेक, आणि माझ्या मते सगळा घोळ तिनेच घातलाय. रोज ताटात असते, मग 'आम' ऐकलं की जिभेला आंबटच आठवणार.

'आम्लजनक'ची गोष्ट आणखी मजेची. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएची समजूत होती, म्हणून त्याने ग्रीक शब्द जुळवून 'आम्ल करणारा' असं नाव ठेवलं. पुढे कळलं, हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन औषधालाही नाही. नाव राहिलं ते राहिलंच, आणि कन्नडाने त्या चुकीचं इमानेइतबारे भाषांतर केलं.

आपले पंडितही कमी नाहीत. 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'ला 'प्राणवायूचा ताण' लिहितात! वाचणाऱ्याला वाटतं, म्हातारीला धाप लागली. सुजलेल्या सांध्यात ऑक्सिजन खरं तर कमीच पडतो. तिथे घुसलेल्या पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असली जहाल द्रव्यं, म्हणजे ऑक्सिडंट, सोडतात, आणि त्यांना आवरणारी शरीराची यंत्रणा तोकडी पडते. त्या माऱ्याने टीएनएफ, आयएल-६ हे दाहाचे निरोप्ये वाढतात, ते आणखी पेशी बोलावतात, सूज हटत नाही. सांध्यातलं वंगण दाट राहतं ते हायल्युरोनिक आम्लामुळे. या माऱ्यात तेही तुटतं आणि वंगण पाण्यासारखं पातळ होतं. म्हणजे या भानगडीत एक आम्ल आहे खरं, पण ते मार खाणारं.

हां, शब्द राहिलाच. 'ऑक्सिडंटांचा मारा' म्हणा. कोशवाल्यांचा 'ऑक्सिडीकरणी ताण' सासूबाईंना सांगून बघा, त्या म्हणतील, "मला कसला ताण? गुडघा दुखतोय."