समितीची ‘पुनर्रचना’, ‘पुनर्गठन’ की ‘फेररचना’?

प्रश्न असा आहे : ‘गृह मंत्रालयाने राष्ट्रीय अंतर्गत सुरक्षा समन्वयित करणाऱ्या समितीला पुनर्गठित केले’ हे बातमीच्या अनुवादातले वाक्य बरोबर आहे का? ‘पुनर्गठन’ हा शब्द हिंदी आहे, म्हणून तिथे ‘पुनर्रचना’ किंवा ‘फेररचना’ वापरावी का?

‘पुनर्गठन’ चुकीचे नाही, पण ‘पुनर्रचना’ची जागा ते सगळीकडे घेऊ शकत नाही. या वाक्यात त्याहून मोठ्या अडचणी दुसऱ्याच दोन-तीन शब्दांत आहेत. आधी विचारलेल्या शब्दाचे पाहू.

‘रचना’ म्हणजे मांडणी : कोणता भाग कुठे बसतो, कोण कोणाच्या वर, कोण कोणाला जबाबदार. ‘गठन’ म्हणजे जुळवणी, माणसे एकत्र आणून मंडळ उभे करणे. समितीचे अध्यक्षपद एका पदाकडून दुसऱ्या पदाकडे गेले, सचिवपद एका खात्याकडून दुसऱ्याकडे गेले, उपसमित्या निघाल्या किंवा मोडल्या, तर ती पुनर्रचना. चौकट तीच राहिली, मुदत संपलेल्या सदस्यांच्या जागी नवी नावे आली, तर ते पुनर्गठन. साध्या मराठीत ‘समितीवर नव्या नेमणुका’. बोलताना हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात हे खरे आहे. पण सुरक्षेच्या यंत्रणांबद्दल लिहिताना हा फरक पाळलाच पाहिजे, कारण नेमके काय बदलले हेच वाचकाला हवे असते.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या व्यवस्थेतली उदाहरणे घ्या. या व्यवस्थेत ‘स्ट्रॅटेजिक पॉलिसी ग्रुप’ नावाचा गट आहे. सुरक्षेची धोरणे आखताना मंत्रालया-मंत्रालयांत समन्वय साधणे हे त्याचे काम. पूर्वी त्याचे अध्यक्षपद मंत्रिमंडळ सचिवांकडे होते. २०१८ साली ते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांकडे आले आणि मंत्रिमंडळ सचिव गटाचे सदस्य झाले; घेतलेल्या निर्णयांची अंमलबजावणी मंत्रालये आणि राज्ये करतात की नाही, हे पाहणे त्यांच्याकडे राहिले. तिन्ही सेनादलांचे प्रमुख, गृह, परराष्ट्र, संरक्षण आणि वित्त खात्यांचे सचिव, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि गुप्तवार्ता विभागाचे (इंटेलिजन्स ब्युरोचे) संचालक यांसारखी पदे त्यात आहेत. बैठक कोण बोलावणार आणि शेवटचा शब्द कोणाचा, हेच बदलले. इथे ‘पुनर्रचना’ शंभर टक्के बरोबर. (या गटाला काही ठिकाणी ‘सामरिक नीती गट’ म्हटलेले दिसते. मराठीत ‘नीती’ म्हटल्यावर नीतिमत्ता आठवते. आपला शब्द ‘धोरण’. ‘व्यूहात्मक धोरण गट’ म्हणावे.)

आता २०२५ चे उदाहरण. पहलगाम हल्ल्यानंतर, एप्रिलच्या अखेरीस, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळावर ‘रॉ’चे माजी प्रमुख आलोक जोशी अध्यक्ष म्हणून आले आणि सदस्यही नवे आले. सल्ला देणारे मंडळ सल्ला देणारेच राहिले. त्याला ‘पुनर्गठन’ म्हणणे नेमके ठरते.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त चुकतो. गुप्तवार्ता विभागांतर्गत चालणारे, वेगवेगळ्या यंत्रणांकडची गुप्त माहिती एकत्र करणारे ‘मल्टी एजन्सी सेंटर’ कारगिलनंतरच्या सुधारणांमधून २००१ साली निघाले. २६/११ नंतर, ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने, त्याच्यावर बंधन आले की हाती आलेली माहिती त्याने राज्यांसह इतर यंत्रणांना द्यावी, आणि इतर यंत्रणांवर बंधन आले की त्यांनी आपली माहिती या सेंटरला द्यावी. मुख्य बदल कर्तव्याचा होता, नावांचा नव्हे. याला ‘पुनर्गठन’ म्हटले तर वाचक नव्या नावांची यादी शोधत बसतो. इथे ‘कार्यकक्षा वाढवली’, ‘माहिती देणे बंधनकारक केले’ असे सरळ लिहावे. आणि ३ फेब्रुवारी २०१२ च्या आदेशाने जे राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र १ मार्चपासून सुरू व्हायचे होते आणि अनेक मुख्यमंत्र्यांच्या विरोधामुळे थांबले, त्याच्याबाबत ‘पुनर्’ लागतच नाही. ती ‘स्थापना’ होती, आणि तीही न झालेली.

‘पुनर्गठन’ हिंदी आहे का? ‘गठन’, ‘गठित’ ही रूपे हिंदीतल्या ‘गठना’च्या घराण्यातली आहेत. मराठीने संस्कृत ‘घट्’ धातूचे रूप ठेवले, म्हणून हिंदीत ‘संगठन’ आणि आपल्याकडे ‘संघटना’. १९५३ च्या फाजल अली आयोगाला हिंदीत ‘राज्य पुनर्गठन आयोग’ म्हणतात, मराठीत ‘राज्य पुनर्रचना आयोग’. मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० याच कायद्याने महाराष्ट्र राज्य झाले. मतदारसंघांच्या बाबतीत हिंदी ‘परिसीमन’ म्हणते, मराठी ‘पुनर्रचना’च म्हणते. म्हणजे हा शब्द आपल्या तोंडात चांगला मुरलेला आहे. तरी ‘पुनर्गठन’ला परका म्हणून हाकलण्याचे कारण नाही. दुष्काळी वर्षात ‘पीककर्जाचे पुनर्गठन’ कोणत्याही गावातल्या शेतकऱ्याला समजते आणि शासन निर्णयांत ‘समिती गठित करण्यात येत आहे’ हे वाक्य रोजचे आहे. फक्त लिंग सांभाळा : ती पुनर्रचना, ते पुनर्गठन. ‘समितीची पुनर्गठन’ असे छापलेले दिसते, ते एका शब्दावरून दुसऱ्यावर उडी मारताना राहून गेलेले असते.

‘फेररचना’ हा यातला सर्वांत मराठी शब्द. फेरविचार, फेरमतदान, फेरतपासणी यांच्या रांगेतला. मथळ्यात जागा कमी असते तिथे तो उत्तम. मात्र त्याच्या जवळचा ‘फेरफार’ चुकूनही वापरू नये. एक तर फेरफार म्हटले की जमिनीच्या हक्कबदलाची गाव नमुना ६ मधली नोंद आठवते, आणि दुसरे म्हणजे ‘कागदपत्रांत फेरफार’ या वापरामुळे त्याला लबाडीचा वास लागला आहे. ‘समितीत फेरफार’ हा मथळा आरोपासारखा वाचला जातो.

लेखनाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे चुका फार होतात. ‘पुर्नरचना’, ‘पुर्नगठन’, ‘पुर्नविचार’ ही तिन्ही रूपे चुकीची. उच्चार करून पाहा : पु-नर्-र-च-ना. अर्धा र ‘न’च्या नंतर येतो, म्हणून रफार त्याच्या पुढच्या अक्षरावर बसतो. पुनर्गठनात तो ‘ग’वर, पुनर्वसनात ‘व’वर, पुनर्रचनेत दुसऱ्या ‘र’वर. टंकताना क्रम असा : न, र, हलन्त, र. दुसरी चूक याच्या उलट बाजूची. ‘पुनर्’मधला र् पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन असेल तरच दिसतो, पुढे क, ख, प, फ, स असतील तर त्याच्या जागी विसर्ग येतो. म्हणून ‘पुनःस्थापना’ आणि ‘पुनःप्रसारण’. ‘पुनर्स्थापना’, ‘पुनर्प्रसारण’ नव्हे. शिवाय पुनःस्थापना म्हणजे मोडलेली किंवा बरखास्त केलेली गोष्ट पुन्हा उभी करणे. चालू समितीला हा शब्द लागत नाही.

संस्कृत व्याकरण कडक लावले तर ‘पुनर्रचना’ हे रूपही टिकत नाही. र् पुढे र आला की पहिला र् गळतो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो : निर् + रस = नीरस, निर् + रव = नीरव, पुनर् + रमते = पुना रमते. त्या हिशेबाने ‘पुनारचना’ व्हायला हवे. पण मराठीने ‘पुनर्रचना’ रूढ केले, कायद्यांच्या नावात घातले, आणि तेच लिहावे. रूढ शब्द मोडून ‘पुनारचना’ लिहिण्यात शहाणपण नाही.

आता वाक्यातल्या खऱ्या अडचणी. पहिली, ‘समितीला पुनर्गठित केले’. हा ‘ला’ हिंदी ‘को’चा. मराठीत निर्जीव कर्माला तो लागत नाही आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते : ‘समिती पुनर्गठित केली’, ‘समितीची पुनर्रचना केली’.

दुसरी, ‘सुरक्षा समन्वयित करणे’. मराठीत समन्वय एखाद्या वस्तूचा होत नाही, तो दोन किंवा अधिक पक्षांमध्ये असतो, आणि तो साधतात किंवा राखतात. सुरक्षा हा पक्ष नव्हे. पक्ष म्हणजे गुप्तवार्ता विभाग, राज्यांची पोलिस दले, निमलष्करी दले. ‘कोणाकोणात?’ हा प्रश्न विचारला की वाक्य आपोआप सरळ होते : ‘यंत्रणांमध्ये समन्वय साधणारी समिती’. नुसते ‘समन्वय समिती’ लिहिले तर महाराष्ट्रातल्या वाचकाला आधी आघाडी सरकारमधल्या पक्षांची समिती आठवते, तेव्हा ‘सुरक्षा’ शब्द मथळ्यातही सोडू नये.

तिसरी, ‘अंतर्गत’. हिंदीत हा शब्द बहुधा ‘च्याखाली’ या अर्थी येतो, म्हणून तिकडे ‘आंतरिक सुरक्षा’ म्हणतात. मराठीत आंतरिक म्हणजे मनातले, ‘आंतरिक तळमळ’. तेव्हा आपली ‘अंतर्गत सुरक्षा’ योग्यच. पण आपल्याकडे अंतर्गतचे दोन्ही अर्थ चालतात. ‘गृह मंत्रालयाची अंतर्गत सुरक्षा समिती’ यावरून समिती देशाच्या सुरक्षेची की मंत्रालयाच्या इमारतीच्या फाटकांची, हे कळत नाही; ‘मंत्रालयांतर्गत सुरक्षा समिती’ म्हटले तर तिसराच अर्थ. ‘देशांतर्गत सुरक्षा’ लिहिले की घोळ संपतो, आणि मग ‘राष्ट्रीय’ हे विशेषणही गळते. ‘केंद्रीय’ मात्र जोडावे. राज्याचा असतो तो गृह ‘विभाग’, आणि मुंबईत नुसते ‘मंत्रालय’ म्हणजे राज्य सरकारची इमारत.

चौकट बदलली असेल, तर मूळ वाक्य असे होईल : ‘देशांतर्गत सुरक्षेसाठी यंत्रणांमध्ये समन्वय साधणाऱ्या समितीची केंद्रीय गृह मंत्रालयाने पुनर्रचना केली.’

बदल कोणता झाला हे ठरवायला मूळ आदेश पाहावा. महाराष्ट्राच्या शासन निर्णयांत ‘यापूर्वीचा शासन निर्णय अधिक्रमित करून’ असे असेल, तर जुना आदेश पूर्ण संपला आणि समिती नव्याने मांडली; बहुतेक वेळा पुनर्रचना. पूरकपत्र असेल तर जुन्या आदेशात भर पडली, एखादा सदस्य वाढला. तिथे ‘समितीत आणखी एक सदस्य’ एवढेच. शुद्धिपत्रक असेल तर चूक दुरुस्त केली, ती बातमी पुनर्रचनेची नाहीच. नावांपुढचे शब्दही बघा : ‘पदसिद्ध सदस्य’ पदाबरोबर येतो आणि पदाबरोबर जातो, त्यामुळे गृहसचिव बदलले म्हणून समिती बदलत नाही; ‘निमंत्रित’ हा सदस्य नसतो; आणि ‘सदस्य सचिव’ ही एकच व्यक्ती असते, मध्ये स्वल्पविराम घातला की दोन होतात.

आणि बातमी एका ओळीची असेल, आदेश हाती नसेल, तर ‘पुनर्गठन’ लिहावे. त्यात नवी नावेही बसतात आणि अध्यक्षही, आणि चौकट बदलल्याचा दावा आपल्याकडून होत नाही. आदेश आला की शब्द बदलता येतो.