टूर बघायला बसताय? आधी मदतनीस मोजा

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या बहुतेक स्टेज (रोजचे टप्पे) आपल्याकडे नाशकात रात्री नऊच्या आसपास संपतात, म्हणजे शेवटचा चढ जेवणाच्या वेळेत येतो. पुढे पळालेल्या ब्रेकअवेवरच नजर खिळवू नका. पिवळ्या जर्सीजवळ, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्या सायकलपटूजवळ, त्याच्या संघाचे किती मदतनीस उरलेत ते मोजा. संघात आठच असतात. शेवटच्या चढावर दोन उरले तरी पुष्कळ.

पोगाचार आणि विंगेगार्ड या दोन सायकलपटूंमधली चुरस समजून घ्यायची तर २०२२ ची अकरावी स्टेज पाहाच. गालिबिये घाटावर विंगेगार्ड आणि त्याचा संघसहकारी रोग्लिच आळीपाळीने हल्ले करत राहिले, पोगाचार प्रत्येकाला स्वतः उत्तर देत राहिला. शेवटच्या ग्रानोंच्या चढावर तो संपला: विंगेगार्डच्या २ मिनिटं ५१ सेकंद मागे! दोघांनी मिळून एकाला कसं दमवायचं, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित मिळतो.

चढावर असं दमवता का येतं, हे कसारा घाट सायकलने चढलेल्यांना लगेच कळेल. सपाटीवर पुढच्याच्या आडोशाने बरीच ताकद वाचते. चढावर वेग उतरला की तो फायदा आटतो. आडवा वारा असेल तर मात्र सपाट स्टेजही सोडू नका. रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्यांनाच आडोसा मिळतो, बाकीचे तुटतात.

आणि हो, टाइम ट्रायल (घड्याळाविरुद्धची स्टेज) सोडून इतर स्टेजवर पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंदांचा बोनस असतो (एकूण वेळेतून तेवढे वजा), तोही हिशेबात धरा.