मुलीत आठ वर्षांच्या आत वयात येण्याचे बदल दिसले तर थांबू नका

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी साडेसात वर्षांची आहे, दुसरीत. महिनाभर झालं तिच्या छातीला गाठीसारखं लागतंय, फ्रॉक घालताना दुखतं म्हणते. सासूबाई म्हणतात पिशवीचं दूध आणि ब्रॉयलर बंद कर, सगळं इंजेक्शनवरचं, म्हणून पोरी लवकर मोठ्या होतायत. आमचं सोयाबीन पण ९० दिवसात निघतं, संकरित कालवड दीड वर्षात माजावर आली, आधीच्या गावरान गाईला तीन वर्षं लागली होती. सगळ्याचं कारण एकच असेल का? आणि पाळी आली तर एवढ्याशा लेकराला काय सांगू?
(एक आई, लातूर जिल्हा)

उत्तर: ताई, पहिलं काम सांगते, याच आठवड्यात मुलीला लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. मुलीत ८ वर्षांच्या आत आणि मुलात ९ च्या आत वयात येण्याचे बदल दिसले तर तपासून घ्यायचंच असतं. बऱ्याच मुलींमध्ये कुठलाही आजार निघत नाही, कधी नुसती छाती थोडी वाढते आणि तिथंच थांबते, पण ते घरी बसून कळत नाही.

आता सासूबाईंचं. सोयाबीन लवकर येतं कारण तसं वाण आपण निवडलं, जेएस ३३५ या वाणाला ९५-१०० दिवस लागायचे, जेएस ९३०५ हे वाण त्याच्या आठ-दहा दिवस आधी निघतं, परतीच्या पावसात सापडू नये म्हणून. ब्रॉयलर ४० दिवसात दोन किलोचा होतो तो पिढ्यान् पिढ्या केलेल्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे, त्याला वाढीचं इंजेक्शन कोणी देत नाही. म्हशीला पान्हा सुटायला ऑक्सिटोसिन टोचतात ते चूकच आहे, जनावराचे हाल होतात, पण ते दुधात आलं तरी आपल्या पोटात पचून जातं, त्यानं छाती वाढत नाही.

मुलींचं वय मात्र खरंच खाली आलंय. युरोपात १८५० च्या सुमाराला पाळी १६-१७ व्या वर्षी यायची, आता १३ च्या आसपास येते. पोटभर खाणं मिळायला लागलं, आजार कमी झाले, हे त्यातलं मोठं कारण, आणि आता वाढतं वजन. अंगातली चरबी लेप्टिन नावाचं हार्मोन तयार करते, साठा पुरेसा आहे असा निरोप त्यातून मेंदूला जातो. तुमच्या कालवडीचंही थोडं असंच, जात तर आहेच पण चांगल्या खुराकानं माज लवकर येतो, म्हणून तर माजावर आली तरी अडीचशे किलो वजन भरल्याशिवाय गाभण करू नका असं सांगतात ना.

काळजी का करायची ते ऐका. माझ्या वडिलांनी एका वर्षी गहू डिसेंबरच्या शेवटी पेरला, फेब्रुवारीत ऊन तापलं, ओंबी वेळेआधी पिवळी पडली आणि हातावर चोळली तर दाणा बारीक, सुरकुतलेला. मुलींच्या हाडांचं तसंच काहीसं होतं. डॉक्टर डाव्या हाताचा एक्सरे काढतील, त्यात बोटांच्या हाडांच्या टोकाशी काळी फट दिसते, तिथून हाड वाढतं, हार्मोन लवकर सुरू झालं की ती फट लवकर बुजते. अशी मुलगी आज वर्गात उंच दिसते पण पुढे बुटकी राहू शकते. हाडाचं वय, म्हणजे एक्सरेत हाडं जेवढ्या वर्षांची दिसतात ते, खऱ्या वयाच्या खूप पुढे गेलं असेल तर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एक इंजेक्शन असतं, त्यानं हे सगळं थांबवून ठेवता येतं, आणि योग्य वयात इंजेक्शन बंद केलं की वयात येणं परत सुरू होतं.

दूध बंद करू नका, तिला ते लागतंच. बिस्किटं, कुरकुरे, कोल्ड्रिंक कमी करा आणि संध्याकाळी मोकळं खेळू द्या.

आणि तिला आजच सांगा की तुझं शरीर थोडं लवकर मोठं होतंय, तुझी काही चूक नाही, दुखलं तर मला सांग. पाळीबद्दल पण दोन वाक्यात सांगून ठेवा, दप्तरात एक पॅड आणि जास्तीची चड्डी ठेवा, वर्गातल्या बाईंच्या कानावर घाला. उंच दिसते म्हणून घरातल्यांनी तिच्याकडून मोठ्या मुलीसारखं वागण्याची अपेक्षा करू नये, ती अजून साडेसातचीच आहे. सासूबाईंना दवाखान्यात बरोबर न्या, एक्सरे त्यांनाही बघू द्या.