डिएगोच्या फाल्सेता कुठे मिळतील?

प्रश्न : आमचे फ्लेमेंको गिटारचे सर वारले. स्पॅनिश गिटारवादक डिएगो देल गास्तोरच्या फाल्सेता (गिटारवर वाजवायचे छोटे सुरेल तुकडे) ते एका कॅसेटवाल्या पुस्तकावरून शिकवायचे, ते आता छापतच नाहीत. काय करू?

उत्तर : पुस्तकावाचून अडत नाही हो. डिएगो (१९०८-१९७३) स्पेनमधल्या मोरोन दे ला फ्रोन्तेरा गावात समोर बसवून शिकवायचा, शिकायला अमेरिकन पोरंही यायची, त्यांनी टेप केलं म्हणून आज ऐकायला तरी मिळतं. 'रितो इ हेओग्राफिया देल कांते' या स्पॅनिश टीव्ही मालिकेत तो वाजवताना दिसतो, त्याचा अंगठा बघा, अर्धं काम तोच करतो. आधी बुलेरिया या जलद फ्लेमेंको प्रकाराच्या बारा मात्रा टाळीवर पक्क्या करा, ३, ६, ८, १०, १२ वर जोर, टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणारं लेखन) नंतर. आणि सरांची झेरॉक्स असेल तर लगेच स्कॅन करा, पेन्सिलीने लिहिलेले बोटांचे नंबर आधी पुसट होतात.