मानेवरची गाठ आणि सुईची भीती

"मॅडम, सुई टोचली की गाठ पसरते म्हणतात, खरं का?" विक्रोळीहून आलेल्या आईंनी बसता बसता विचारलं. लेक तेवीस वर्षांची, लग्न ठरलेलं. दीड महिन्यापासून मानेत गाठ, संध्याकाळी बारीक ताप. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या एफएनएसीची, म्हणजे गाठीत सुई घालून करायच्या तपासणीची, चिठ्ठी पर्समध्ये घडी घालून तशीच पडली होती. बोलताना मुलीची बोटं सारखी गाठीवर. तिथली कातडी लाल झाली होती.

आधी तिला हात खाली घ्यायला लावला. सारखं चाचपून गाठ दुखरी होते, कळत काहीच नाही. लसिका ग्रंथी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या छोट्या गाठी, मानेत, काखेत, जांघेत सगळ्यांनाच असतात. घसा धरला, दाढ किडली, उवांनी डोक्यात जखमा झाल्या की जवळची ग्रंथी सुजते. पायाच्या जखमेने जांघेत अवधाण येतं, तेही हेच. अशी सूज बहुतेक वेळा दोन-चार आठवड्यांत उतरते. ती उतरेना, वाढतच गेली, दगडासारखी घट्ट लागली, कॉलरबोनच्या वर आली, किंवा सोबत ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं असलं, तर थांबू नये.

एफएनएसीत बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी काढतात. दुखतं ते इंजेक्शनइतकंच, आणि मानेतली अशी गाठ त्याने पसरत नाही. हे मी आईंना दोनदा सांगितलं, कारण या एका समजापायी किती घरं महिनोन्‌महिने लेप लावत बसतात!

निदान निघालं गाठीच्या टीबीचं. कॅन्सर नाही म्हणून मुलगी रडली, टीबी म्हणून आई. "सासरी कळलं तर?" एक्स-रे स्वच्छ होता. फुप्फुसात टीबी नसेल तर गाठीचा टीबी एकत्र राहिल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं की नाही, हे मात्र तिनेच ठरवायचं होतं. तिने सांगितलं.

सरकारी केंद्रातून सहा महिन्यांची औषधं मोफत सुरू झाली. लघवी नारिंगी होईल, घाबरू नकोस, हे आधीच सांगून ठेवलं होतं. खरी कसोटी दुसऱ्या महिन्यात आली: गाठ मोठी झाली. "औषध लागू पडत नाही, बंद करते," असा तिचा फोन. टीबीच्या गाठी उपचार चालू असतानाही कधी कधी फुगतात, शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाल्याने. म्हणून गोळी चुकवायची नाही आणि गाठ डॉक्टरांना लगेच दाखवायची. त्यांनी तपासून तीच औषधं पुढे चालू ठेवली.

कोर्स संपला तेव्हा वाटाण्याएवढी गाठ हाताला लागत होती. डॉक्टरांनी ती तशीच राहू दिली. पुन्हा वाढली किंवा ताप आला तरच यायला सांगितलं.